मनी प्लांटच्या पानावरची धूळ

दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्याची हवा धुरकट झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. नासाने सिद्ध केले आहे की स्नेक प्लांट, मनी प्लांट आणि अरेका पाम यांच्या चार-पाच कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन देतो आणि दारासमोर झाडे असली की रस्त्याचे प्रदूषण आत येत नाही, असा त्याचा मजकूर असतो.

नासाचे नाव खोटे नाही. नासाचे शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांचा अहवाल १९८९ सालचा आहे. मात्र त्यात झाडे प्लेक्सिग्लासच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, छोट्या बंद पेट्यांत ठेवून, आत बेन्झीनसारखे घातक वायू सोडून, ते किती घटतात एवढेच मोजले होते. शिवाय काही कुंड्यांना पंखा आणि सक्रिय कोळशाची गाळणीही जोडलेली होती. आपल्या घरात दाराखिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते आणि ती जेवढे वायू बाहेर नेते, त्यापुढे झाडांची कामगिरी नगण्य ठरते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा १९६ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा या वायुविजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला किमान १० आणि कमाल १००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. दहा बाय बाराच्या खोलीत किमान शे-सव्वाशे कुंड्या! मग पलंग कुठे ठेवायचा?

त्यातही हे प्रयोग वायूंचे होते. आपल्या शहरांत मुख्य दुखणे आहे ते पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे, म्हणजे बांधकामे, वाहने आणि जळता कचरा यांतून येणाऱ्या धुळीचे आणि धुराचे. यावर काही जण मनी प्लांटचे पान ओल्या फडक्याने पुसून काळे झालेले फडके पुरावा म्हणून दाखवतात. तशीच काळी धूळ छताच्या पंख्याच्या पात्यावरही बसते, पण म्हणून पंख्याला कोणी हवाशुद्धीकरण यंत्र म्हणत नाही.

ऑक्सिजनचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतो हे खरे, परंतु ऑक्सिजन सुटतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला प्रकाश लागतो. शिवाय प्रदूषित हवेत ऑक्सिजन कमी पडलेला नसतो.

बाहेरच्या झाडांबाबत मात्र सरसकट बोलता येत नाही. पानांवर कण बसतात, पण वाऱ्याने त्यातले बरेच पुन्हा उडतात. अमेरिकेतील दहा शहरांच्या २०१३ मधील अभ्यासात झाडांमुळे पीएम २.५ मध्ये झालेली सरासरी सुधारणा ०.०५ ते ०.२४ टक्के एवढीच आढळली. दुतर्फा उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर फांद्यांचे छत दाटले, तर वारा अडून वाहनांचा धूर खालीच कोंडतो. याउलट मोकळ्या रस्त्यालगत, वाहने आणि पादचारी यांच्यामध्ये, जमिनीपासून दाट वाढलेले झुडपांचे कुंपण असेल, तर त्यामागे चालणाऱ्याच्या वाट्याला येणारा धूर कमी होतो.