अडखळणं पडद्यावर दिसतं, पळवाटा दिसत नाहीत

‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) पुन्हा पाहिला. अडखळणं इतकं खरं पडद्यावर क्वचितच येतं. तरीही हा चित्रपट एक जुना गैरसमज घट्ट करतो, आणि त्याबद्दल लिहायलाच हवं.

कॉलिन फर्थने रंगवलेला ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज मायक्रोफोनसमोर ‘त-त-प-प’ करत नाही. आवाज गळ्यातच अडतो, ओठ हलतात, नजर खाली जाते. पटकथाकार डेव्हिड सायडलर स्वतः लहानपणी अडखळत बोलायचे, ते इथे कळतं. ‘कमीने’मधला (२००९) शाहिद कपूरचा गुड्डू गाण्याच्या चालीवर मोकळा बोलतो, तेही बरोबर आहे. गाताना, चारचौघांसोबत आरती म्हणताना, गोठ्यात एकट्याने बैलांशी बोलताना बहुतेकांची जीभ अडकत नाही.

पण चित्रपट कारण काय सांगतो? कडक बाप, डावखुऱ्या हातावर केलेली सक्ती, दाईचा जाच. आमच्या खान्देशात हेच दोन शब्दांत सांगतात: ‘पोरगं घाबरलं’. मग वेखंड चाटवा, अक्कलकारा द्या. खरं तर अडखळणं बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, अनेकदा घराण्यात चालत आलेलं असतं आणि मेंदू बोलण्याची जुळवाजुळव कशी करतो याच्याशी त्याचा संबंध असतो. आईबापांनी ते लावलेलं नसतं. भीती नंतर येते. पण एकदा आली की मुक्कामच ठोकते.

ती कशी, हे मी माझ्या मामेभावाकडे पाहिलंय. भुसावळ स्टेशनवर त्याला पाचोऱ्याचं तिकीट हवं असतं. मागे रांग. ‘प’ अडकणार, हे खिडकीपाशी पोचायच्या आधीच त्याला ठाऊक असतं. मग तो सरळ ‘चाळीसगाव’ म्हणतो, जास्तीचे पैसे देतो आणि पाचोऱ्याला उतरतो. खिडकीतल्या माणसाला तो अडखळतो याचा पत्ताही लागत नाही! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी याला हिमनग म्हटलं होतं: ऐकू येतं ते वरचं टोक, लाज आणि टाळाटाळ पाण्याखाली.

गावाचं नाव बदलता येतं, स्वतःचं कसं बदलणार? त्यामुळे अनेकांना तेच सगळ्यात जड जातं. मामेभावासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिथल्या आजोबांनी त्याला मायेनेच विचारलं, ‘तुनं नाव काय शे भाऊ?’ तो तोंड उघडणार तोच मामांनी उत्तर देऊन टाकलं. मला मामांचा राग आला. त्यांना वाटलं आपण पोराला वाचवलं, पण पोराला कळलं की आपलं अडखळणं घरच्यांनाही लपवावंसं वाटतं.

म्हणून त्या चित्रपटातलं शेवटचं भाषण मला आवडतं. राजा तिथेही थोडा अडखळतोच. बरा झाल्याचा खोटा चमत्कार नाही. हिंदी-मराठी लेखकांनी निदान एवढं तरी उचलावं.

मामेभाऊ आता एका कृषी केंद्रात फोन घेतो. सुरुवातीलाच सांगून टाकतो, ‘मी अडखळतो, फोन ठेवू नका.’ लपवायचं काही उरत नाही, आणि पुढचं बोलणं बरंच सोपं जातं. असा प्रसंग मी आपल्या एकाही चित्रपटात पाहिलेला नाही.