खुलासा: ॲमट्रॅकची जुनी इंजिने कॅलट्रेनच्या प्रवाशांसाठी नव्हती

‘ॲमट्रॅकने मोडीत काढलेली विजेची इंजिने कॅलट्रेनने प्रवासी गाड्या ओढायला घेतली’ असा दावा फिरतो आहे. (ॲमट्रॅक ही अमेरिकेची राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, तर कॅलट्रेन ही कॅलिफोर्नियातली लोकल रेल्वे.) तो अर्धाच खरा आहे. कॅलट्रेनने दोन जुनी एईएम-७ इंजिने घेतली, पण नव्या ओव्हरहेड तारांच्या चाचणीसाठी. सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे मार्गावर 2024 मध्ये विजेची सेवा सुरू झाली, ती श्टाडलर कंपनीच्या नव्या ईएमयू गाड्यांनी (ईएमयू म्हणजे वेगळे इंजिन नसलेली, डब्यांनाच मोटारी असलेली विजेची गाडी).

‘तारा वेगळ्या, इंजिन चाललेच नसते’ हा आक्षेपही टिकत नाही. कॅलट्रेनची तार 25 केव्ही (किलोव्होल्ट), 60 हर्ट्झची. ॲमट्रॅकच्या न्यू हेवन–बोस्टन टप्प्यावरही तेवढाच विद्युतदाब आहे आणि तिथे हीच इंजिने धावत होती.

मग प्रवासी गाड्यांना का नाही? स्थानके जवळजवळ असली की वेळ जातो तो थांबून पुन्हा वेग घेण्यात. एकट्या इंजिनाची सगळी ओढ त्याच्याच चाकांच्या चार जोड्यांवर; चाके घसरू लागली की ताकद असूनही उपयोग नाही. ईएमयूत मोटारी गाडीभर विभागलेल्या असतात, म्हणून ती झटकन वेग घेते. शिवाय एईएम-७चे उत्पादन 1988 मध्येच थांबले. सुटे भाग मिळवणे ही वेगळीच डोकेदुखी.