कानशीला हात न लावता कारागीर व्हा

उमेदवारी म्हटलं की लोकांना आधी निवडणूक आठवते. ‘आमचा मुलगा उमेदवारी करतोय’ असं घरच्यांनी सांगितलं की समोरचा उत्सुकतेने विचारतो, ‘कुठल्या पक्षाकडून?’ हा गैरसमज जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवा. कारण तुम्ही उस्तादाच्या हाताखाली काम शिकून फिटर, वेल्डर किंवा वायरमन व्हायला निघालात हे कळलं की तोच माणूस खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणतो, ‘का हो, मार्क कमी पडले का?’ (नळ फुटला की हाच गृहस्थ रात्री बारा वाजता कोणाला फोन करतो, ते विचारू नका. अडलेल्याला चिमटे काढू नयेत.)

तरीही तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत आणि वर्कशॉपात पाऊल टाकलंत. घाबरू नका. नाव घातलं म्हणून शिकलंच पाहिजे असं थोडंच आहे? जरा सांभाळून राहिलात तर उमेदवारीची सगळी वर्षं कौशल्याला अंगाला शिवू न देता काढता येतात. अशी माणसं मी पाहिली आहेत. गेली तशीच कोरी बाहेर आली, अंगावर एक ओरखडा नाही.

पहिला धोका म्हणजे कानस, लोखंड घासायची ती दातेरी पट्टी. आल्या आल्या तुम्हाला लोखंडाचा एक ठोकळा देतील, वाइसमध्ये धरायला लावतील आणि म्हणतील, ‘सपाट कर.’ बस्स, एवढंच. तुम्हाला वाटेल, यात काय आहे? तासाभराने ठोकळ्याला मधोमध उंटासारखी पाठ आलेली असेल, कारण नवशिक्याची कानस सी-सॉसारखी झुलते. पुढे जाताना डावा हात दाबतो, मागे उजवा, आणि दोन्ही कडा खाली जातात. मग उस्ताद येणार, ठोकळ्यावर गुण्या ठेवणार आणि दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरणार. फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत तुमच्या हातात. केसाहून बारीक फट असली तरी उजेड तेवढ्यातून डोकावतोच. त्या मेल्याला कोणाची भीड म्हणून नाही. हा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो आणि अशाच एखाद्या बेसावध दुपारी हात बसतो. खांदा, कोपर आणि मनगट एका रेषेत चालायला लागतात आणि त्यानंतर तुम्हाला कोणी वाचवू शकत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, ‘हे मशीनवर एका मिनिटात होतं ना?’ या प्रश्नाने माणूस हुशार वाटतो. वर्कशॉपातला जो म्हातारा नुसत्या आवाजावरून सांगतो की पलीकडच्या लेथ मशीनवरचं टूल बोथट झालंय, त्याला हे कान कुठून मिळाले असं मात्र विचारू नका. उत्तर कानशीपाशीच येऊन थांबण्याची शक्यता आहे.

अगदीच गळ्यात पडलं तर कानस जाताना आणि येताना सारख्याच जोराने दाबा. तिचे दात पुढच्या दिशेला झुकलेले असतात, ती पुढे जाताना कापते आणि मागे येताना नुसती घासते. मागे ओढतानाही दाबली की दात लवकर मरतात आणि मग ‘कानसच चालत नाही’ हे तुम्हाला पुराव्यानिशी सांगता येतं. दातांत कीस अडकू नये म्हणून काही जण तिला खडू फासतात. तुम्ही शाळा सोडून आलात, आता खडूशी काय संबंध? आणि लाकडी मूठ काढून ठेवा. कानशीचं ते टोकदार शेपूट एकदा तळहातात नीट घुसलं की पंधरा दिवस कोणी तुमच्याकडून काही सपाट करून घेणार नाही.

झाडू मारायला सांगितलं तर तो घोर अपमान समजा. मानापमानाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी झाडण्यात जोखीम आहेच. बिडाचा कीस भुगा होऊन पडतो, पोलादाचा लांब वेटोळा होऊन निघतो आणि फार तापला तर निळसर पडतो. रोज झाडत राहिलात तर मशीनवर काय कापलं गेलं आणि कसं कापलं गेलं, हे जमिनीकडे बघून ओळखायला लागाल. कळल्यानंतर न कळल्यासारखं करणं फार कठीण असतं.

आता उस्तादाची निवड. न शिकवणारा उस्ताद मिळणं हे भाग्य आहे आणि ते आजकालचं नाही. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे इसवीसनापूर्वी 18व्या शतकात, असं कलम आहे की कारागिराने सांभाळायला घेतलेल्या मुलाला आपलं हस्तकौशल्य शिकवलं, तर ते मूल परत मागता येणार नाही. न शिकवलं तर मूल बापाच्या घरी परत जाऊ शकतं. कायदा उगाच होत नाही. पोरांना वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरायला लावणारे उस्ताद तेव्हाही असणार. इंग्लंडने 1563 साली सात वर्षांची उमेदवारी कायद्यानेच सक्तीची केली आणि ती कलमं 1814 मध्ये रद्द होईपर्यंत अडीचशे वर्षं गेली. तेव्हा वर्षभर तुमच्याकडून फक्त ‘तो बारा-तेराचा पाना दे’ एवढंच काम करून घेतलं जात असेल, तर तक्रार करू नका. परंपरेत तुमचंही योगदान होत आहे. शिकवत नसेल तर उस्ताद बदलावा, करारात काय शिकवणार ते लिहून घ्यावं, असले विचार मनात येऊ देऊ नका. त्याने संबंध बिघडतात.

थोरामोठ्यांचे दाखले मात्र पाठ असू द्या. अमेरिकेचा पुढारी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. करार 21व्या वर्षापर्यंतचा होता, पण 1723 मध्ये गडी सतराव्या वर्षीच बोस्टनहून पळाला. अर्ध्यावर सोडून जाताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं. पळाला तेव्हा त्याला छपाईचे खिळे जुळवता येत होते आणि नव्या गावात पोट त्याच हातांवर भरलं, एवढा तपशील तेवढा गाळायचा.

उलट मायकल फॅरडे म्हणजे कसं वागू नये याचा नमुना. 1805 मध्ये, वयाच्या 14व्या वर्षी, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या उमेदवारीला लागला. बोली सात वर्षांची. पानं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, विषय संपला. पण याने बांधायला आलेली पुस्तकं वाचायला सुरुवात केली आणि विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून बसला. परिणाम काय झाला? 1831 मध्ये त्याने चुंबक आणि तारेचं वेटोळं यांतून वीज काढून दाखवली आणि जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची सगळी यातायात पुढच्या पिढ्यांतल्या वायरमनच्या गळ्यात पडली. हातातल्या पुठ्ठ्याकडे लक्ष दिलं असतं तर आज तुम्हाला सिंगल फेज, थ्री फेज काही पाठ करावं लागलं नसतं.

सुरक्षेचं काय, असं तुम्ही विचाराल. सुरक्षा भित्र्यांसाठी असते. लेथवर आणि ड्रिलवर आवर्जून हातमोजे घाला. फिरणाऱ्या भागाने मोज्याचं टोक पकडलं की हातही आपोआप पाठोपाठ जातो, वेगळे कष्ट नाहीत. चक, म्हणजे काम किंवा ड्रिल पकडणारा जबडा, आवळून झाला की त्याची चावी तशीच लावून ठेवा आणि मशीन सुरू करा. ती कुठे जाऊन पडते हे आधी सांगता येत नाही, तेवढीच कामात गंमत. वेल्डिंगकडे काचेशिवाय क्षणभर बघायला काय हरकत आहे? त्या वेळी काहीच होत नाही, आणि हीच त्यातली मेख. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागतं ते काही तासांनी, बहुधा रात्री, उस्ताद घोरत असताना. वायरिंगला हात घालण्याआधी काही चिकट माणसं टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघतात, मग बंद केलेल्या लाइनवर, आणि पुन्हा एकदा चालू लाइनवर, की मधल्या मधे टेस्टरच तर मेला नाही ना. तीनदा! तुम्ही सरळ ‘बंद आहे रे’ असं ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवा. माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?

उमेदवारी संपल्यावर तरी सुटका होते का? जर्मन भाषक मुलखांत काही सुतार आणि गवंडी अजूनही शिक्षण पूर्ण झाल्यावर ठरावीक पोशाख घालून, पाठीवर बोचकं टाकून निघतात. तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडत काम करायचं, घराच्या 50 किलोमीटरच्या आत यायचं नाही. अट अशी, की लग्न झालेलं नसावं आणि डोक्यावर कर्ज नसावं. ज्याला एवढं मोकळं आयुष्य मिळालंय त्याने ते दुसऱ्यांच्या छपरांवर घालवावं, हे आपल्याला पटण्यासारखं नाही. तुम्ही अकरा मिनिटांचा व्हिडिओ बघा आणि पाटीवर ‘तज्ज्ञ’ लिहा.

राहता राहिली शेवटची परीक्षा. फिटरला बहुधा दोन तुकडे करायला देतात, एक दुसऱ्यात बसणारा. नर-मादी म्हणतात त्याला. कागदावर सोपं असतं. बसवून झालं की पलटी करूनही बसायला हवं, आणि मग परीक्षक तो जोड उचलून डोळ्यांसमोर धरतो. इथे काही न शिकता सगळी वर्षं काढलेल्या माणसाचा घात होऊ शकतो. तेव्हा शक्यतो संध्याकाळची वेळ मागून घ्या, आणि परीक्षक खिडकीकडे वळायच्या आत तुम्ही तिच्यासमोर जाऊन उभे राहा.