चल चल, पुढे चल

आज लेकीला घेऊन मत्स्यालयात गेले होते आणि घरी आल्यापासून डोके तापलेले आहे, म्हणून हे लिहिते आहे. कोणते मत्स्यालय ते मुद्दाम सांगत नाही, कारण राग त्या जागेवर नसून तिथे आलेल्या आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या आईबापांवर आहे, आणि त्यांत मीही आले.

माझी सात वर्षांची मुलगी मोरे ईलच्या टाकीपुढे थांबली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या वामचा हा नातलग. दगडाच्या कपारीतून नुसते डोके बाहेर काढून तो सारखा तोंड उघडत होता आणि मिटत होता. दहा मिनिटे झाली तरी ही हलेना. तेवढ्यात मागचे एक गृहस्थ आपल्या मुलाला म्हणाले, "बघ, तुला खायला आलाय," आणि मासा अंगावर यावा म्हणून त्यांनी अंगठीच्या बोटाने काच वाजवायला सुरुवात केली. काच वाजवू नये, अशी पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. माशांचे कान बाहेरून दिसत नसले तरी आत असतात आणि ती टकटक पाण्यातून थेट त्यांच्यापर्यंत पोचते, हे त्यांना माहीत नसेल, हे मान्य. पण पाटी तरी वाचता येत होती ना?

मी त्यांना काही बोलले नाही. उलट लेकीलाच म्हणाले, "चल गं, पुढे अजून खूप मासे आहेत."

ती शांतपणे म्हणाली, "आई, त्याच्या मानेला भोक आहे. तोंड मिटलं की ते उघडतं."

मी वाकून पाहिले. खरोखरच होते, बटणाच्या काजाएवढे. बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर हलणारे झाकण असते आणि त्याच्या उघडझापीने पाणी कल्ल्यांवरून खेळते राहते. या माशाला तसे झाकण नाही, दोन्ही बाजूंना नुसती छिद्रे आहेत, म्हणून बिचाऱ्याला तोंडाने पाणी आत ओढून त्या छिद्रांतून बाहेर ढकलावे लागते. ज्याला आम्ही सगळे धमकी समजत होतो, तो त्याचा श्वास होता. टाकीखालच्या फलकावर यातले अक्षरही नव्हते. तिथे फक्त नाव आणि त्याखाली कोणालाही न वाचता येणारे लॅटिन नाव. शेजारी क्लाउनफिशपुढे सेल्फीसाठी झुंबड उडाली होती, पण गटातली मादी मेली की तिच्या जोडीचा नरच मादी होतो, ही एवढी नवलाची गोष्ट तिथेही कोणाला एका ओळीत लिहावीशी वाटली नव्हती.

सुट्टीचा दिवस होता, मागे रांग होती, इतरांनीही तिकीट काढलेले असते, हे कळते मला. समुद्रातले जीव असे काचेत कोंडावेत का, हा प्रश्नही खरा आहे. पण कोंडलेच आहेत, तर निदान नीट बघा तरी!

लिहिता लिहिता बाबांची आठवण झाली. मी लहान असताना चर्नी रोडला उतरून त्यांनी मला तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. 1951 साली उघडलेली मरीन ड्राइव्हवरची ती वास्तू गेली काही वर्षे बंदच आहे. तिथले मला काय आठवते? हिरवट उजेड, दमट वास आणि मनगटाला धरून पुढे नेणारा बाबांचा हात. मासा एकही आठवत नाही. त्यांचा तरी काय दोष, संध्याकाळची गाडी गाठायची होती; आज मला तर कुठलीच गाडी गाठायची नव्हती.

परतताना बाजारात थांबलो. नेहमीच्या मावशींनी ताजेपणा दाखवायला सवयीने सुरमईचा कल्ला अंगठ्याने वर उचलला आणि आतला लालभडक रंग दाखवला. लेक पाटीवर जवळजवळ ओणवी झाली. "हिला झाकण आहे," ती म्हणाली. मावशींना काही उमगले नाही, पण गिऱ्हाईक खोळंबलेले असूनही त्यांनी दुसऱ्या बाजूचा कल्लाही उचलून दाखवला, मग बांगड्याचा, मग पापलेटचा. "चल चल" म्हणाल्या नाहीत.

आता झोपायच्या वेळी तिने विचारले आहे, की तो मासा झोपेतही तोंडाची उघडझाप करतो का. रविवारी पुन्हा जाणार आहोत, त्याच एका काचेपुढे.