‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या कोड्यांच्या गटाला बारा नाण्यांचं कोडं दिलं होतं : बारांतलं एक खोटं नाणं तराजूवर तीनदाच तोलून शोधायचं, उत्तर रविवारी. त्याखाली ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असेल, म्हणून इथे पुन्हा देते. “ही कोडी जुनी आहेत, कुठल्याही पुस्तकात सापडतात. एआयला विचारलं की दहा सेकंदांत उत्तर येतं. त्यासाठी आठवडाभर डोकं खाजवत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. शिवाय तुमच्या गटात तीच ती चार माणसं बोलतात, नवीन माणसाने काही विचारलं तर ‘थांबा, रविवारी कळेल’ एवढंच ऐकायला मिळतं.”

वाचक महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. आमच्या गटात दर आठवड्याला मतभेदच असतात, किंबहुना त्यासाठीच आम्ही जमतो. पण ज्यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणालात त्यांच्यातल्या एकाचीही तुम्ही ओळख करून घेतलेली नाही. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्यांना नावं ठेवायची ही पद्धत मला पटत नाही. ‘मला हे आवडत नाही’ असं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत आभार मानून विषय संपवला असता.

एक गोष्ट मान्य करते. कोडं जुनं आहे, आणि ते कुठून आलं हे मी खाली लिहायला हवं होतं. आता लिहिते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कोडं फार गाजलं. १९४६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि गणिती फ्रीमन डायसन यांनी ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या गणिताच्या नियतकालिकात ते कितीही नाण्यांसाठी सोडवून दाखवलं : तीनदा तोलून बारा नाणी, चारदा तोलून एकोणचाळीस. तुमची ही सूचना मी घेतली. पुढे प्रत्येक कोड्याखाली उगम असेल.

आता ‘रिकामटेकडे’. गटात एक एसटीचे वाहक आहेत. मुक्कामाच्या गावी गाडी लागली की जेवण उरकून ते तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडतात आणि रात्री उशिरा फोटो पाठवतात. एक परिचारिका आहेत, त्यांची उत्तरं पहाटे येतात, कारण रात्रपाळी तेव्हा संपते. सोलापूरची दहावीतली एक मुलगी आहे. या माणसांना रिकामा वेळ मिळत नाही, ती तो काढतात. हा फरक तुम्हाला दिसला नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

वाहकांनी बुधवारी काय विचारलं ते सांगते, म्हणजे आठवडाभर काय चालतं ते कळेल. कोडं असं : बारा नाणी, त्यात एक खोटं, ते जड आहे की हलकं हे माहीत नाही. तराजू वापरायचा, वजनमापं नाहीत, आणि तीनच वेळा तोलायचं. बहुतेकांनी चार-चार नाण्यांनी सुरुवात केली. वाहक म्हणाले, “चारच का? सहा-सहा का नको? निम्मं-निम्मं केलं तर लवकर सापडेल ना?” गट दोन दिवस यावर भांडला. शुक्रवारी त्या दहावीतल्या मुलीने लिहिलं की एकदा तोललं की तीनच निकाल असतात, डावं खाली, उजवं खाली किंवा समतोल. म्हणजे उरलेल्या दोनदा तोलण्यांत जास्तीत जास्त नऊ शक्यता वेगळ्या करता येतात. सहा-सहा ठेवले तर तराजू कलणारच आणि बारा शक्यता उरणार, प्रत्येक नाण्याची एक : खालच्या पारड्यातलं असेल तर जड, वरच्यातलं असेल तर हलकं. बारा नवांत बसत नाहीत. पाच-पाच ठेवले आणि तराजू कलला तर दहा उरतात, तेही नाही. तीन-तीन ठेवले आणि समतोल झाला तर बाहेरच्या सहा नाण्यांच्या, प्रत्येक जड किंवा हलकं अशा, बारा शक्यता उरतात. चार-चार ठेवले तर कललं काय आणि समतोल राहिलं काय, दोन्हीकडे आठच. एवढं कळल्यावर पुढची वाट आपोआप दिसते. समजा १, २, ३, ४ खाली गेली आणि ५, ६, ७, ८ वर. मग १, २, ५ एका पारड्यात आणि ३, ४, ६ दुसऱ्यात. पहिलं पारडं खाली गेलं तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकं, आणि १ आणि २ समोरासमोर ठेवले की निकाल लागतो. दुसरं खाली गेलं तर हेच ३, ४ आणि ५ बाबत. समतोल राहिला तर ७ आणि ८ पैकी जे हलकं ते खोटं.

तुमच्या दहा सेकंदांत उत्तर मिळालं असेल. ‘चारच का’ हा प्रश्न तुम्हाला पडला का?

उत्तर हातात असणं आणि ते पटणं या दोन गोष्टी किती लांब असतात, याचं एक उदाहरण देते. तीन दारांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. एका दारामागे गाडी, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, गाडी कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचंय का? १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या ‘परेड’ या साप्ताहिकातल्या आपल्या सदरात लिहिलं की बदला, जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. त्यांना सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली हजारेक पीएचडीवाल्यांची होती, आणि बरीचशी त्यांना चुकीचं ठरवणारी होती. कित्येक पत्रांचा सूर तुमच्यासारखाच होता. बाईंचं उत्तर बरोबर होतं. पॉल एर्डोश यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञालाही ते पटेना. त्यांच्या मित्राने संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा खेळून आकडे दाखवले, तेव्हा एर्डोशनी निकाल मानला, पण त्यांची तक्रार होती की ‘का’ ते कुणी सांगत नाही. एर्डोश यांना रिकामटेकडे म्हणायची तुमची तयारी आहे का?

माझ्याबद्दलही सांगते, कारण रिकामटेकडेपणाचा विषय तुम्ही काढलात. नाशिकच्या एका बँकेत मी लेजरवर होते, संगणक येण्याच्या आधीपासून. महिनाअखेरीला सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज मुख्य खात्याशी जुळवायची. जुळली नाही तर घरी जायचं नाही. बाकीचे पहिल्या पानापासून पुन्हा बेरजा मारायला बसत. मी आधी फरकाला नऊने भाग जातो का ते बघे. एकदा फरक ५४० चा आला. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. इथे नऊने भाग जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली. नव्वदनेही जातो, म्हणजे शतकाचा आणि दशकाचा आकडा उलटा पडलेला असणार. ५४० म्हणजे नव्वदच्या सहापट, तेव्हा त्या दोन आकड्यांत सहाचा फरक असलेलीच खाती बघायची. १,८२० च्या जागी १,२८० लिहिलेलं खातं चहा निवायच्या आत सापडलं. एक अधिकारी तेव्हा म्हणाले होते, “बाई, कोडी सोडवायची तर घरी बसून सोडवा, इथे काम असतं.” काम मी त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. तेव्हा नोकरीत नवी होते, गप्प बसले. आता गप्प बसणार नाही.

आणि नाशिकचा विषय निघालाच आहे तर देवळालीला डी. आर. कापरेकर शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळणारा माणूस म्हणून भल्याभल्या गणितींनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. चढत्या-उतरत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. ३५२४ घेतलंत तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला पोचता. ही गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडली. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. तोवरची वर्षं त्यांनी काय ऐकलं असेल, ते तुमची प्रतिक्रिया वाचून मला नीट समजलं.

राहता राहिला ‘तीच ती चार माणसं बोलतात’ हा आरोप. जे लिहितात ते दिसतात. न लिहिणाऱ्यांना मी हाताला धरून लिहायला लावू शकत नाही. ‘रविवारी कळेल’ हा नियम सगळ्यांना लागू आहे, मलाही, आणि तो बदलणार नाही. नवीन माणसाला खूण हवी असेल तर मागून घ्यावी, याआधीही दिलेल्या आहेत. यावर मला अधिक काही म्हणायचं नाही.

तुमच्यासाठी मात्र एक कोडं राखून ठेवलंय. नाणी तेरा करा, तोलायचं तीनदाच. खोटं नाणं दर वेळी सापडतं, पण एका प्रसंगी ते जड की हलकं हे सांगता येत नाही. तो प्रसंग कोणता, आणि ते टाळता का येत नाही? उत्तर कारणासकट पाठवा, शनिवारी रात्रीपर्यंत, आणि खाली स्वतःचं नाव लिहा. बरोबर असेल तर रविवारी तुमच्याच नावाने छापेन.