सिगारेटपेक्षा बरं म्हणे! पण सिगारेट ओढत होतं कोण?

वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, ओढणाऱ्या पोरांची एक ठरलेली कॅसेट असते. "सिगारेटपेक्षा बरं असतंय दादा. धूर नाही, राख नाही, नुसती वाफ. इंग्लंडात तर सरकारच वाटतंय." आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉलेजच्या पोरांपासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत हीच कॅसेट ऐकू येते. त्यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच ती खोडायला जड जाते.

खरं काय ते आधी सांगून टाकतो. तंबाखू जळली की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. वेपमध्ये काही जळत नाही. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं २०१५ साली वेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं होतं. त्या आकड्यावर तेव्हाही वाद झाला, पण रोज पाकीट संपवणारा माणूस सिगारेट पूर्ण सोडून वेपवर गेला तर त्याचं नुकसान कमी होतं, हे मान्य करायला मला अडचण नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे, की आपली ही पोरं सिगारेट ओढत होती कधी?

२०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या नादाला लागलेले निघाले. पण धूर काढणारे त्यात फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा कारभार चघळण्याचा. कोल्हापूरकराला हे आकड्यात सांगायचीही गरज नाही. तंबाखूची निपाणी शेजारी, खिशात चुन्याची डबी, आणि पानपट्टीवर मावा घोटायचं काम दिवसभर चालूच. मावा सोडून वेपवर आलेला एकही आप्पा मी बघितलेला नाही. वेप ओढतोय तो अकरावी-बारावीतला पोरगा, ज्यानं बिडीला कधी हात लावला नव्हता. त्याच्या बाबतीत तुलना सिगारेटशी करायचीच नाही, पहाटे मैदानावर तो घेतो त्या हवेशी करायची. इंग्लंडचा हिशेब इथं लागू होत नाही. आणि तिथंही पोरांच्या हातात पडायला लागल्यावर १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी घातली गेली, हे कॅसेटमध्ये नसतं.

माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं काय काय माझ्या काउंटरवर येतं. मागं एक ताई आल्या, पर्समधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. "दादा, हे काय हाय बघा की. पोराच्या सॅकमध्ये घावलं. हायलायटर म्हणतोय." दिसायला खरंच हायलायटरसारखी. गुलाबी रंग, खाली मोबाईलचं चार्जर लागेल असं भोक, आणि वास आंब्याच्या गोळीचा. बारीक अक्षरात ५% आणि १० एमएल. तोंडाच्या कर्करोगाचं चित्र नाही, इशारा नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही.

मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. १० एमएलमध्ये ५००. तंबाखू सोडायला आम्ही जे निकोटिनचं च्युइंगम विकतो, त्यात २ मिलिग्रॅम असतं. अडीचशे च्युइंगमांचा ऐवज एका हायलायटरमध्ये! ताईंच्या घरात धाकटी चार वर्षांची आहे. तिनं ते फोडून तोंडात घातलं असतं तर पोरगी थेट दवाखान्यात गेली असती, हेही सांगावं लागलं.

एवढं निकोटिन घशाला झोंबत कसं नाही? तर त्यात आम्ल मिसळलेलं असतं. साधं निकोटिन तिखट लागतं, आम्ल घातलं की मऊ होतं. पहिली सिगारेट ओढणारा खोकून बेजार होतो, तो खोकला म्हणजे दारातला राखणदार. इथं राखणदारालाच आंब्याची गोळी देऊन झोपवलंय. निकोटिन काही सेकंदात मेंदूत पोचतं. मेंदू घडायचं काम पंचविशीपर्यंत चालू असतं, त्यात अशी सवय रुतली की मग अभ्यासात लक्ष नाही, झोप नाही, डिव्हाइस संपलं की घरात चिडचिड. घरच्यांना वाटतं प्रेमप्रकरण आहे.

आता "नुसती वाफ" या भानगडीकडं येऊ. त्यात पाण्याची वाफ नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर असं मिश्रण तापलेल्या तारेवरून जातं आणि त्याचे बारीक थेंब आत ओढले जातात. फार तापलं की त्यातून फॉर्मॅल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. तारेतलं निकेल, क्रोमियमही थोडंथोडं सुटतं. "फ्लेवर खाण्यातलाच असतो" असं एक पोरगं मला ऐकवून गेलं. असू दे की! पोटात आम्ल आहे, यकृत आहे, आलेलं पचवायची सोय आहे. फुफ्फुसात ती सोय नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या दुकानाच्या कपाटातच आहे. केसांसाठी, चेहऱ्यासाठी बायका व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल नेतात. त्यातला व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट गिळायला चालतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणारी तरणीताठी माणसं धाप लागून दवाखान्यात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ गेले. तपासात मुख्य संशय ठरला तो याच व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. वेपमध्ये बसवायच्या गांजाच्या अर्काच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) ते घट्टपणासाठी घातलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हीच बातमी "प्रत्येक वेपनं माणूस मरतो" अशी फिरते, ते चूक आहे. बहुतेक रोगी गांजाच्या अर्काची, तीही इकडून तिकडून मिळवलेली काडतुसं ओढणारे होते. पण आपल्याकडं मिळणारा माल कुठं कंपनीच्या बिलासकट येतो? त्या गुलाबी हायलायटरमध्ये काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कारण आपल्याकडं २०१९ पासून कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर चोख. पण २०१२ पासून गुटखा बंद असलेल्या राज्यात आपण राहतो, तेव्हा बंदी म्हणजे काय ते मी कशाला सांगू. इन्स्टावर मेसेज टाकायचा, पोरगं गाडीवरून आणून देतं. बंदी असावी याच मताचा मी आहे, पण मालही मिळतोय आणि तपासणीही नाही, हा सगळ्यात वाईट मधला रस्ता झालाय.

पेठेतल्या तालमीच्या आणि फुटबॉल संघांच्या कारभाऱ्यांनी यात लक्ष घालावं असं मला मनापासून वाटतं. शाहू स्टेडियमवर सामना बघताना आपण पोरांच्या शूजवर, किटवर, देणगीवर तासभर बोलतो. नियमित वेप ओढणाऱ्यात खोकला, कफ, छातीत घरघर जास्त आढळते, निकोटिननं नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि सेकंड हाफमध्ये विंगर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला की आपण कोचला शिव्या घालतो. बापाचं ऐकणार नाही ते पोरगं कोचचं ऐकतं.

घरात सापडलं तर आधी फोडून टाकू नका आणि पोराला फोडून काढू नका. किती दिवस, किती वेळा, आत काय, एवढं शांतपणे विचारा. मग डॉक्टरकडं न्या. तंबाखू सोडवायची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६. अठराच्या आतल्या पोराला स्वतःच्या मनानं निकोटिनचं च्युइंगम देऊ नका, माझ्याकडं मागायला आलात तरी मी देणार नाही.

आणि हो, कमेंटमध्ये "दादा, ते हायलायटरवालं कुठं मिळतंय" असं विचारणाऱ्याला ब्लॉक करणार आहे. भाचा असला तरी.