८४० ग्रॅम डिझेल आणि २.६ किलो वायू

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "एक लिटर डिझेलचं वजन ८४० ग्रॅम, आणि ते जाळलं की म्हणे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो! जाळून कुठे वजन वाढतं का? चिमणीत कुणी मोजलेलं नाही, आकडे टेबलावर बसून काढलेत. आणि आपले कारखाने तर गॅसवर गेलेत, त्यांचा धूरच नाही." मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बॉयलरवर माझी बरीच वर्षं गेली. मला हा मेसेज माझ्या आतेभावानेच पाठवला, म्हणून नीट उत्तर देतोय.

आधी वजनाचं बघू. डिझेलमध्ये वजनाने साधारण ८६ टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे ७२० ग्रॅमच्या आसपास. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. ७२० ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, २,६४० ग्रॅम येतील. ऑक्सिजनचं बिल येत नाही म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही, पण बॉयलरचा पंखा दिवसभर तोच आत ढकलत असतो. लोखंड गंजलं की जड होतं, तेही याच ऑक्सिजनमुळे.

आता "चिमणीत मोजलेलं नाही" हा मुद्दा. बहुतेक ठिकाणी खरंच मोजत नाहीत, आणि त्यात लबाडी नाही. आत गेलेला कार्बन नाहीसा होत नाही. थोडा राखेत किंवा काजळीत राहतो, बाकी वायू होऊन बाहेर पडतो. इंधनाचा मात्र थेंबन्‌थेंब मोजलेला असतो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. युरोपच्या उत्सर्जन व्यापारात, म्हणजे जिथे कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने घ्यावे लागतात तिथे, इंधनावरून हिशेब आणि चिमणीत सतत मोजणी, दोन्ही पद्धती चालतात. चिमणीत मोजायचं तर वायूचं प्रमाण आणि प्रवाह दोन्ही लागतात, आणि रुंद नळातला गरम, घुसळणारा प्रवाह अचूक पकडणं सोपं नसतं.

नुसत्या प्रमाणावर गेलं तर कसं फसायला होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चिमणीत नळी घालून आम्ही वायूचं प्रमाण दाखवणारा ॲनालायझर लावायचो. एकदा एका नव्या मुलाने डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, जास्त उघडला आणि पडद्यावरचा कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांवरून ८ वर आला. तो खूश झाला, "काका, प्रदूषण कमी झालं!" मी त्याला गॅसच्या मीटरपाशी नेलं. तेवढ्याच वाफेला गॅस जास्त जात होता. जादा हवेने वायू फक्त पातळ झाला होता, आणि ती हवा तापवायला इंधन फुकट जळत होतं. उत्सर्जन उलट वाढलं होतं.

गॅसवर गेल्याने धूर गेला, हे चांगलंच झालं. पण कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळला की सुमारे २ किलो निघतो. तेवढ्याच उष्णतेला दगडी कोळशाच्या तुलनेत तो साधारण ६० टक्के भरतो. ६० टक्के म्हणजे शून्य नव्हे.

शंका घ्यायची तर दुसरीकडे घ्यावी. कोळशाचा ढीग पावसात भिजतो, वजन वाढतं, उष्मांक (किलोमागे मिळणारी उष्णता) उतरतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट जुना असला तर हिशेब चुकतो. गॅसचंही तसंच. बिल बहुधा एकूण उष्मांकावर असतं, आणि आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीचा, गिगाज्यूल उष्णतेमागे ५६.१ किलोचा गुणांक निव्वळ उष्मांकासाठी (धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णता वगळून) आहे. बिलातला आकडा तसाच गुणला तर उत्सर्जन जवळजवळ १० टक्के फुगतं. आमच्या तक्त्यातही हे एकदा झालं होतं. तेव्हापासून मी दोन्ही उष्मांकांचे वेगळे रकाने ठेवायला लावले.